पहिल्या दिवसाची हजेरी

"नारळ कोण फोडतंय?" देशिंगकरांनी विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच फोडला.

एप्रिलमधली सकाळ होती. सांगलीतल्या महापालिकेच्या एका शाळेच्या फाटकात आमच्या इमारतीतली पाच कुटुंबं उभी होती, आपापल्या पोरांना पुढे धरून. पाचही पोरं त्याच महिन्यात चौथी संपवून पाचवीत निघालेली. घराजवळची त्यांची शाळा चौथीपर्यंतच होती, त्यामुळे पुढे कुठं घालायचं हा विषय पाचही घरांत वर्षभर शिजत होता. तो देशिंगकरांनी एका संध्याकाळी गच्चीवर सगळ्यांना पन्हं पाजून सोडवून टाकला होता.

देशिंगकर आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. नोकरी बँकेत, पण बोलायला लागले की समोर सभा भरली आहे असं वाटायचं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गावातल्या मोठ्या शाळेत एकेका वर्गात सत्तर मुलं कोंबलेली, जायला रिक्षा, यायला रिक्षा, त्यात पोरं मेथीच्या जुडीसारखी बांधलेली. उलट महापालिकेची ही शाळा चालत जाण्याइतकी जवळ. आवारात चिंचेची झाडं, म्हणून लोक तिला चिंचेची शाळाच म्हणायचे. वर्ग पाचवी ते सातवी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा सेमीचा वर्ग त्या वर्षापासून सुरू होणार होता, आणि तो शिकवणार होत्या मगदूम बाई, ज्यांचं नाव आमच्या भागात सगळ्यांना माहीत होतं. अडचण एकच होती. आमच्यासारख्या घरांतली मुलं त्या शाळेत जात नव्हती.

"एकटं पोर कुणी घालत नाही, म्हणून कुणीच घालत नाही," देशिंगकर म्हणाले होते. "आपण पाचजणांनी मिळून घातलं तर कुणाचंच पोर एकटं पडणार नाही. शब्द द्या. पाच म्हणजे पाच. फुटायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मी डोलावली नव्हती.

माझं काम रक्त तपासायच्या लॅबमध्ये. रिपोर्ट जसा येतो तसा माणसाच्या हातात ठेवायची सवय, ती घरीदारीही सुटत नाही. "माझा भाऊ मोठ्या शाळेच्या ऑफिसात आहे," मी तिथंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "रुचिरासाठी एक जागा तो शाळा सुरू होईपर्यंत धरून ठेवणार आहे. मला इथल्या संडासांचा भरवसा नाही आणि पन्हं पिऊन दिलेल्या शब्दांचाही नाही. लपूनछपून मी काही करणार नाही, पण ती जागाही सोडणार नाही."

"वृषालीताई, तुम्ही म्हणजे अगदी फटकळ बघा," देशिंगकर वहिनी हसत म्हणाल्या आणि माझा ग्लास पुन्हा भरला.

माझे यजमान श्रीपाल मात्र सगळ्यांत आधी "आमचा शब्द" म्हणून मोकळे झाले होते. ते वीज मंडळात होते. शब्द दिला की तो पाळायचा, एवढं एकच कलम त्यांच्या घटनेत. घरी आल्यावर मी पिशवी ठेवायच्या आत सुरुवात केली.

"मला विचारायचं तरी."

"तू बोललीस की सगळ्यांसमोर. मी कुठं अडवलं?"

"उद्या बाकीचे चौघे फुटले तर?"

"कशाला फुटतील? कल्पनाच देशिंगकरांची आहे."

"कल्पना काढणारा आणि ती पाळणारा एकच असतो असं कुठं लिहिलंय?"

श्रीपाल हसले. त्यांच्या हसण्याचा मला अशा वेळी फार राग येतो, अजूनही. रुचिरा खिडकीत बसून आमचं ऐकत होती. मी तिच्याकडे वळले.

"तुझं काय म्हणणं आहे गं?"

"मैत्रेयी जिथं, तिथं मी," ती म्हणाली.

मैत्रेयी म्हणजे देशिंगकरांची मुलगी. बालवाडीपासून दोघी एका बाकावर. एकीला ताप आला की दुसरीचं डोकं दुखायचं. दहा वर्षांच्या पोरीला शाळा म्हणजे बाई नाही, इंग्रजी नाही आणि निकालही नाही. शेजारी कोण बसणार, एवढंच. ते मला कळत होतं. आणि म्हणूनच मला धास्ती होती.

शेवटी आमच्यात तह झाला. पहिल्या दिवशी मी रजा काढून स्वतः शाळेत यायचं, वर्गाबाहेर उभं राहून बघायचं. मला पटलं नाही, तर त्याच दिवशी संध्याकाळच्या आत भावाकडे जाऊन रुचिराचं नाव मोठ्या शाळेत घालायचं. त्या संध्याकाळनंतर तीही जागा जाणार होती. श्रीपाल कबूल झाले.

नारळ फुटला तो पाचवीच्या वर्गाच्या रंगकामाचा. ही कल्पनाही देशिंगकरांचीच. शाळेला रंगासाठी कधी मंजुरी येणार, त्यापेक्षा पालकांनीच रविवारी येऊन एक वर्ग रंगवायचा. पन्नाशी ओलांडलेल्या ठेंगण्या मगदूम बाई, पदर खोचून स्वतः झाडू घेऊन उभ्या. "माझ्या सबंध नोकरीत पालकांनी वर्ग रंगवलेला बघितला नाही ओ," त्या म्हणाल्या. "पाच नावं मी आत्ताच लिहून घेते. जूनमध्ये फकस्त पोरं पाठवा, बाकी माझ्यावर सोडा."

पहिल्या रविवारी पाचही बाप गेले. भिंती खरवडल्या, भजी खाल्ली, फोटो काढले. दुसऱ्या रविवारी तिघे होते. एकाकडे लग्न निघालं, एकाच्या गावी यात्रा. तिसऱ्या रविवारी देशिंगकरांची कंबर धरली, आणि ते नाहीत म्हणून तिसराही आला नाही. त्यानंतर श्रीपाल आणि रुचिरा, दोघंच.

"तुम्हाला काही दिसत नाही का?" मी विचारलं.

"काय दिसायचंय? मे महिना आहे. लोकांची कामं असतात."

"कंबर धरलेला माणूस काल स्कूटरवर गॅसची टाकी घेऊन आला."

"तू ना, वृषाली, सगळ्यांचं रक्त तपासायला बसतेस."

ती दोघंच जात राहिली. खालची बाजू तेलकट पिवळी, वरची पांढरी, मध्ये बोटभर रुंदीची तपकिरी पट्टी. पट्टी सरळ यावी म्हणून रुचिरा दोरी धरून उभी राहायची. घरी आली की तिच्या केसांना टर्पेंटाइनचा वास यायचा. त्या दिवसांत ती फार बोलेनाशी झाली होती. मैत्रेयीकडे खेळायला जायची, पण लवकर परत यायची. मला वाटलं, नव्या शाळेची भीती असेल. एकदा मी विचारलंही. ती म्हणाली, "बाबांचा रंगाचा दुसरा हात कधी मारून होईल?" मी म्हटलं, होईल आठवड्यात. तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली.

शाळा सुरू झाली त्या दिवशी आम्ही तिघं चालत निघालो. देशिंगकरांच्या दाराला कुलूप होतं. "लवकर गेलेले दिसतात," श्रीपाल म्हणाले. शाळेत पोचल्यावर आधी संडास बघून आले. दाराला आतून कडी होती, बादलीत पाणी होतं, फरशी घासलेली होती. एक तक्रार तिथं मिटली. प्रार्थनेला मुलं रांगेत उभी राहिली. आजूबाजूच्या वस्तीतली, कुणाचा गणवेश धाकट्या भावाला होईल इतका आखूड, कुणाच्या पायात नव्या चपला आणि त्याकडेच सारखं लक्ष. आमच्या इमारतीतलं मात्र कुणी दिसेना.

"येतील," श्रीपाल म्हणाले.

पाचवीच्या वर्गात मुलं बसली. रुचिरा पुढच्या बाकावर बसली. बाईंनी आमच्या पाचजणांसाठी पुढचे दोन बाक राखून ठेवले होते, त्यामुळे तिच्या शेजारीही कुणी नाही आणि मागेही कुणी नाही. आम्ही दोघं व्हरांड्यात, खिडकीशी. श्रीपालांच्या नखांत अजून पिवळा रंग होता, कारण आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पट्टी नीट करत बसले होते.

मगदूम बाईंनी चष्मा लावला आणि हजेरी सुरू केली. वस्तीतल्या मुलांनी "हजर बाई" असा नुसता गलका केला. मग आमची नावं आली.

"देशिंगकर मैत्रेयी."

पोरं वळून पुढच्या बाकाकडे बघायला लागली. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा नाव घेतलं.

रुचिरा उभी राहिली. "ती येणार नाही, बाई."

"का गं? बरं नाही का तिला?"

"बरी आहे. ती मोठ्या शाळेत गेली."

रुचिरा खाली बसली. बाईंनी पुढचं नाव घेतलं. रुचिरा पुन्हा उभी राहिली. "तो पण तिथंच गेला, बाई." खाली बसली. पुढचं नाव, पुन्हा उभी. चारही वेळा ती उठली, सरळ उभी राहून सांगितलं, बसली. आवाज कुठंही कापला नाही. जणू हे काम तिच्याकडं सोपवलेलंच होतं.

"उपाध्ये रुचिरा."

"हजर, बाई."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. तो पुसण्याइतका खराब झालेला नव्हता.

मी व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि देशिंगकर वहिनींना फोन लावला. तिकडून प्रचंड गलबला ऐकू आला.

"अहो वृषालीताई, आहात कुठं?" वहिनीच मला म्हणाल्या. "आम्ही सगळे केव्हाचे आलोय. मैत्रेयीनं शेजारची जागा धरून ठेवलीय रुचिरासाठी, कुणाला बसू देईना."

"आम्ही शाळेत आहोत, वहिनी. चिंचेच्या."

गलबला जरा मागे पडला, त्या बाजूला आल्या असाव्यात. मग हळू आवाजात म्हणाल्या, "खरंच गेलात तुम्ही?"

"शब्द दिला होता ना सगळ्यांनी."

"अहो, पण तुम्हीच तर पहिल्या दिवसापासून म्हणत होता, भावानं जागा धरलीय म्हणून. आम्हाला वाटलं, तुम्ही जाणारच. तुम्ही गेलात की मैत्रेयी एकटी पडणार. मग आमच्या यांनी आधीच अर्ज देऊन ठेवला. आम्ही दिला म्हटल्यावर बाकीच्यांनी दिला. तुमच्याशी लपवायचं असं काही नव्हतं हो. आम्ही धरूनच चाललो होतो की तुम्हीही इकडेच."

मी तोंडावर बोलले होते म्हणून मला वाटत होतं माझा हिशोब स्वच्छ आहे. पण मी बोललेलं चार घरांनी मनात धरलं आणि चारही घरं माझ्या आधी धावली. आणि जिच्या नावानं ती धावली ती मी, नवऱ्याच्या शब्दापायी, इथं उभी. याला आता चौदा-पंधरा वर्षं झाली, तरी त्या फोनवर मी काय बोलून तो ठेवला ते मला आठवत नाही.

वळून बघितलं तर श्रीपाल मागेच उभे. माझ्या बोलण्यावरून त्यांनी ताडलं होतं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं. असं फजीत झालेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"तू म्हणत होतीस तेच बरोबर," ते म्हणाले. "चल, घेऊन जाऊ तिला. आत्ताच."

"थांबा जरा."

"कशाला थांबायचं? माझ्या शब्दाची किंमत माझ्या पोरीनं का द्यायची? एकटी बसलीय ती तिथं, दिसत नाही तुला?"

पहिल्या दिवशी तास असे नव्हतेच; तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मगदूम बाई बाहेर आल्या. त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून सगळं समजलं असावं.

"घेऊन जावा तुम्ही तिला," त्या सरळच म्हणाल्या. "मी काय म्हणणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, उपाध्येसाहेब. तुम्ही वर्ग रंगवलासा, ते काय वाया जात नाही. मी शिकवणार, पोरं शिकणार. पण एकट्या पोरीला जड जाईल, ते मला दिसतंय. शाळा माझी असली तरी खोटं कशाला सांगू?"

त्यांनी आर्जव केलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी आर्जव केलं नाही, आणि माझी पंचाईत झाली.

रुचिरा चिंचेखालच्या कट्ट्यावर डबा उघडून बसली होती. शेजारी दोन मुली थोडं अंतर ठेवून तिच्या डब्याकडे आणि तिच्या रिबिनीकडे आळीपाळीनं बघत होत्या. आम्हाला येताना पाहून त्या पांगल्या. मी तिच्याजवळ बसले. श्रीपाल उभेच राहिले.

"तुला कधीपासून माहीत होतं, रुचा?"

"मे महिन्यात. मैत्रेयीनं मला तिचा नवा गणवेश दाखवला. म्हणाली, तू पण येणारच आहेस, तुझा मामा आहे तिथं."

"मग आम्हाला सांगितलं का नाहीस?"

तिनं पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"सांगितलं असतं तर बाबांनी रंगवणं सोडून दिलं असतं. तेव्हा एकच भिंत झाली होती."

"सोडलं असतं तर सोडलं असतं."

"मग बाकीची मुलं तशाच वर्गात बसली असती ना. ती तर येणारच होती."

श्रीपाल पाठमोरे झाले आणि चिंचेच्या बुंध्यावर हात टेकून उभे राहिले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा ते मात्र सांगता येत नव्हतं. एवढीशी पोर महिनाभर हे पोटात घेऊन दोरी धरून उभी राहिली होती, आणि मी लोकांची रक्तं तपासत बसले होते.

"ते झालं," मी म्हणाले. "आता माझ्याकडे बघ आणि खरं सांग. आमच्याकडे बघून नको, बाबांच्या शब्दाकडे बघून नको. मैत्रेयीनं तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. मामानं पण धरलीय, पण आजच्या दिवसापुरतीच. तुला तिकडं जायचंय?"

वर्गात चार वेळा उभी राहिली तेव्हा न आलेलं पाणी आता डोळ्यांत आलं.

"हो," ती म्हणाली. "जायचंय."

माझा जीव हलका झाला. खोटं कशाला बोलू, झाला. "मग ऊठ," मी तिचा डबा बंद केला. "दप्तर घेऊन ये. बाईंना नमस्कार कर. आपण आत्ता मामाकडे जाऊ."

ती उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. परत आली.

"आई, उद्या बाई हजेरी घेतील."

"घेऊ देत की."

"माझं पण नाव घेतील." ती हुंदका आवरत म्हणाली, "तेव्हा मी येणार नाही हे त्यांना कोण सांगणार?"

"बाईंना माहीत आहे, बाळा. त्यांनीच सांगितलंय, घेऊन जावा म्हणून."

"बाईंना माहीत असेल," ती म्हणाली. "वर्गात कोण सांगणार? सगळी पोरं वळून त्या बाकाकडं बघतात, आई. मघाशी चार वेळा बघितलं. उद्या तिथं कुणीच नसणार."

मी श्रीपालांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. इतकी वर्षं आम्ही प्रत्येक गोष्टीवर वाद घालत आलो होतो. त्या दिवशी एकाही शब्दाची गरज पडली नाही.

मी तिथंच उभं राहून भावाला फोन लावला.

"निघालात का?" त्यानं विचारलं. "साहेब दोनदा विचारून गेले. बाहेर लोक थांबलेत जागेसाठी."

"त्यांतल्या कुणाला तरी दे," मी म्हणाले.

"ताई, परत मिळणार नाही बघ. नक्की ना?"

"नक्की."

घंटा झाली. रुचिरानं बाहीनं डोळे पुसले, माझ्या हातातून डबा घेतला आणि ती वर्गाकडे निघाली. मघाच्या दोन मुली दारात थांबल्या होत्या. त्यांतल्या एकीनं तिला काहीतरी विचारलं. रुचिरा मान डोलावून आत गेली, आणि ती मुलगी तिच्यामागून धावत जाऊन पुढच्या बाकावर, तिच्या शेजारी जाऊन बसली.